विश्लेषण : मते तेवढीच, जागा मात्र ३५ वरून १! फ्रान्समध्ये असे कसे घडले?

फ्रान्समध्ये १९८६ आणि १९८८ या दोन्ही संसदीय निवडणुकांत नॅशनल फ्रंटला सुमारे ९.७ टक्के मते मिळाली. पहिल्या वेळी जागा आल्या ३५, दुसऱ्या वेळी फक्त १. मधल्या काळात बदलला तो निवडणूक कायदा.

असे पहिल्यांदाच घडले का?

नाही. १९४६ च्या नोव्हेंबरमध्ये कम्युनिस्टांनी सुमारे २८ टक्के मतांवर १८० च्या आसपास जागा जिंकल्या. १९५१ मध्ये सत्ताधारी मध्यममार्गी पक्षांनी नियम बदलला. पॅरिस परिसर वगळता, आघाडी जाहीर केलेल्या पक्षांना जिल्ह्यात मिळून निम्म्याहून अधिक मते पडली, तर तिथल्या सर्व जागा त्यांच्याच. कम्युनिस्टांची मते २६ टक्क्यांवर टिकली, जागा १०० च्या घरात आल्या. १९५८ मध्ये चार्ल्स द गॉल यांच्या सरकारने एकसदस्यीय मतदारसंघ आणि दोन फेऱ्यांची पद्धत आणली. दुसऱ्या फेरीत इतरांची मते विरोधात एकवटल्याने सुमारे १९ टक्के मते मिळवूनही कम्युनिस्टांच्या हाती १० च जागा लागल्या.

मग १९८६ मध्ये काय झाले?

फ्रान्स्वा मितराँ यांच्या काळात समाजवादी सरकारने प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणले. जाक शिराक यांच्या सरकारने ते लगेच रद्द केले.

कळीचा मुद्दा कोणता?

तिथे ही पद्धत राज्यघटनेत नाही, साध्या कायद्यात आहे. त्यामुळे सामन्यात उतरणारा संघच नियम लिहितो. कम्युनिस्ट किंवा नॅशनल फ्रंट पटोत न पटोत, त्यांच्या लाखो मतदारांचे मत कायद्याने हलके करणे लोकशाहीला शोभणारे नाही.