गडावर जाताना पाणी का टाळता?

दिवाळी सरली की आपल्याकडील ज्येष्ठ नागरिक संघांच्या फलकांवर एकदिवसीय गडदर्शनाच्या सूचना झळकू लागतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेव्हापासून ‘डॉक्टर, रायगडावर जाऊ का?’ हा प्रश्न माझ्याही दवाखान्यात वाढला आहे.

गेल्या हिवाळ्यात अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेल्या बाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांचा मुलगा रात्री घेऊन आला. राजसदरेवर मार्गदर्शक १६७४ च्या राज्याभिषेकाची हकिकत सांगत असताना ते मटकन खाली बसले होते. हृदयाचेच काही असणार, या धास्तीने मुलाने ‘यापुढे सहली बंद’ असा हुकूम काढला होता. हृदयालेख ठीक होता. उभे केल्यावर मात्र रक्तदाब बराच खाली येत होता. मी विचारले, “आज पाणी किती प्यायलात?” मुलाकडे न पाहता ते हळूच म्हणाले, “पहाटेपासून दोन घोट. दर तासाला गाडी थांबवा, असे सांगायचे कसे?”

त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते आणि ते त्यांनी नेमाने घेतले होते. भोवळीचे कारण गड नव्हता, संकोच होता. बायकांमध्ये तर तो अधिकच असतो.

अशी गोळी सहलीच्या दिवशी केव्हा घ्यावी, हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर पाण्याचे प्रमाणही विचारून ठेवावे. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण दुपारी तीनला मिळाले, तर साखर उतरू शकते. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच.

रायगडाला रज्जुमार्ग आहे, म्हणून चालणे चुकत नाही. वर मेणा दरवाजापासून राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ आणि पुढे जगदीश्वराचे देऊळ व महाराजांची समाधी, हे सारे पायीच पाहावे लागते. स्टेशनचा पूल न थांबता चढून लगेच नीट बोलता येत असेल, तर एवढे बहुधा जमते. चढताना छातीत दडपण येत असेल, तर आधी तपासणी. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. तेव्हा काठी हातात असावी. घाई करणाऱ्या मार्गदर्शकाला थांबवण्याचा अधिकार आपण पैसे भरूनच मिळवलेला असतो.

त्या गृहस्थांचे जगदीश्वराचे दर्शन राहिले होते. येत्या पौषात ते पुन्हा निघाले आहेत. मुलगा सोबत जाणार आहे, आणि खोपोली, पाली व माणगाव येथे गाडी थांबेल ना, हे त्यानेच आयोजकांना फोन करून विचारून घेतले आहे.