'बलुतं' फ्रेंचमध्ये कसं सांगायचं?

गेल्या लग्नसराईत आमच्या उरणकडच्या एका आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणत होती. शेजारी बसलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी विचारले, "खाजण म्हणजे काय हो?" मी म्हटले, "खारं पाणी शिरतं ती जमीन." उत्तर चूक नव्हते, पण उधाणाला बांधाला खांड पडली की घरादाराने चिखलात धावायचे, ते त्यात कुठे आले?

अशा शब्दांशी जन्मभर झगडलेला एक माणूस पुण्यात होऊन गेला. गी प्वात्वाँ त्यांचे नाव. फ्रान्समधून १९७२ साली ते भारतात आले, मराठी शिकले आणि इथलेच झाले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, ते त्यांनी १९९० मध्ये फ्रेंचमध्ये नेले. पुढच्याच वर्षी बेबीताई कांबळ्यांचे 'जिणं आमुचं'. गंमत पाहा, ही पुस्तके इंग्रजीत यायला २०१५ आणि २००८ साल उजाडले. म्हणजे पॅरिसच्या वाचकाला आपल्या गावकुसाबाहेरचे जिणे आधी कळले!

पण 'बलुतं' हा शब्द फ्रेंचमध्ये आणायचा कुठून? खळ्यावर वर्षाचे धान्य मिळते, ते हक्काचे म्हणायचे. आणि ते घेताना मान खाली घालावी लागते, हेही त्याच शब्दात. फ्रेंच पुस्तकाचे नाव ठेवले गेले 'माझे अस्पृश्याचे जिणे' अशा अर्थाचे. पुढे जेरी पिंटो यांनी इंग्रजीत 'बलुतं' हेच नाव ठेवले. मला विचाराल तर दुसरी रीत बरी. वाचकाने थोडे अडखळावे, विचारावे. पण पहिल्याने वाट पाडायची असते, त्याची अडचण वेगळी.

प्वात्वाँ आणि हेमाताई राईरकर यांचे मोठे काम मात्र जात्यावरच्या ओव्यांचे. मुळशी-मावळातल्या बायकांपासून सुरुवात झाली. खेड्यातल्या बायकाच घरोघर जाऊन ओव्या गोळा करू लागल्या. हजाराहून जास्त गावांतून लाखभर ओव्या जमल्या. गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, तेव्हाची ही धावपळ. प्वात्वाँ २००४ साली गेले. ओव्यांचे इंग्रजी अजून चालू आहे.

आमच्या आळीतल्या एका नातीने आजीचे धवले वहीत उतरवायला घेतले आहेत. परवा एका शब्दाला अडली. "याचा अर्थ काय गं आये?" म्हातारी म्हणाली, "आधी म्हून बघ, मंग सांगते."