‘दोन पंचांसमक्ष’ म्हणजे नक्की कुणासमक्ष?

“दोन पंचांसमक्ष पंचनामा करून मुद्देमाल जप्त.” हे वाक्य वीस वर्षांत मी किती वेळा छापलं असेल, देव जाणे. भीमेतली वाळू, हातभट्टी, गुटखा, काहीही असो. प्रेसनोट आली की टाक बातमी. पंच कोण, कुठले, झडतीच्या वेळी तिथं होते का, हे एकदाही विचारलं नाही. चूक माझी, आधीच कबूल करतो.

आता कायदा बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम 103 म्हणतं, पंच दोन तरी हवेत, स्वतंत्र, प्रतिष्ठित आणि शक्यतो त्याच भागातले. घरमालकाला झडतीला हजर राहता येतं, जप्तीच्या यादीची प्रत मिळते. कलम 105 नवीन आहे : झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं आणि विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. वॉरंटशिवाय झडती असेल तर कलम 185 प्रमाणे कारणं आधी लिहायची, 48 तासांत मॅजिस्ट्रेटकडे धाडायची. अर्ज केला तर त्याची प्रत घरमालकाला फुकट.

कागदावर झकास! पण मोडलं तर काय? 1973 साली पूरनमल खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. मग साहेबांना घाई कशाची?

आपल्या शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाच्या दंगलीनंतर एल्गार परिषद प्रकरण गाजलं. ऑगस्ट 2018 मध्ये पुणे पोलीस धरपकडीला दिल्लीकडे गेले, तेव्हा पंच म्हणून पुणे महापालिकेचे कर्मचारी सोबत नेले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी 28 सप्टेंबर 2018 च्या आपल्या वेगळ्या निकालपत्रात नेमकं यावर बोट ठेवलं. बहुमत दुसरीकडे गेलं. त्या आरोपींचे विचार तुम्हाला पटोत न पटोत. देशभर गाजलेल्या प्रकरणात हे चाललं, तर न्हावरा-नानगावात कोण विचारतंय?

आणि आपण तरी कुठं धुतल्या तांदळाचे? पंच व्हा म्हटलं की मागच्या दारानं पसार. “कोर्टात खेटे कोण घालणार?” अहो, कोर्टाचं समन्स आल्याशिवाय पंचाला जावं लागत नाही, हेही त्याच कलमात आहे. लेखी आदेश असताना विनाकारण नकार देणं मात्र गुन्हा आहे. आपण पळतो म्हणून तेच ते ठेवणीतले पंच सह्या ठोकतात.

पुढच्या प्रेसनोटपासून मी तीन प्रश्न विचारणार. पंच कुठले? शूटिंग दार उघडण्याआधी सुरू झालं की माल मांडून ठेवल्यावर? यादीची प्रत घरच्यांना दिली का? उत्तर आलं नाही, तर ‘उत्तर मिळालं नाही’ असंच छापणार.