खाडाखोड दिसलीच पाहिजे

प्लेसमेंटचे दिवस आले की होस्टेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ऑडिट-कम्प्लायन्सचं प्रोजेक्ट नको रे बाबा, ते क्लार्कचं काम!" सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावरच्या काचेच्या ऑफिसांत बसून कोडिंग केलं तरच आपण इंजिनियर, असा सार्वत्रिक समज. मला तो साफ चुकीचा वाटतो.

पीएमसी बँक आठवते? मुख्य कार्यालय भांडुपला. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढायची मुभा मिळाली. सहा महिन्यांत! आपला मेसचा एक महिनासुद्धा त्यात निघत नाही. एचडीआयएलची ४४ कर्जखाती झाकायला २१,०४९ बोगस खाती दाखवली, असा पोलिसांच्या एफआयआरमधला आरोप. आता सांगा, हा प्रश्न फक्त कॉमर्सवाल्यांचा आहे का?

पूर्वीचे मुनीम कीर्दीत चूक झाली तर आकडा खोडत, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी रीत. कॉम्प्युटरवर मात्र जुना आकडा मागमूस न ठेवता जातो. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नियम लागू झाला: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद हवी आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. वह्या आठ वर्षं जपायच्या, बॅकअप रोजचा आणि भारतातल्याच सर्व्हरवर. (सहकारी बँकांचा कायदा वेगळा, पण दुखणं तेच.) अमेरिकेत तर २००२ मध्येच सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा आला, तोही एन्रॉन बुडाल्यावर. हो, आपल्या दाभोळवाली एन्रॉनच.

कायदा दोन ओळींचा, पण खरी गंमत पुढे आहे. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरून केलेला बदल लॉगमध्ये येईल. पण डेटाबेस ॲडमिनने मागच्या दाराने थेट टेबलात हात घातला तर? ती नोंद कोण ठेवणार? आणि नोंद ठेवणारं टेबलच त्याच्या ताब्यात असेल तर? सगळंच नोंदवायचं म्हटलं तर सर्व्हर रडतो. कोड लिहिणाऱ्यालाच लाईव्ह सिस्टिमचा पासवर्ड द्यायचा का? नोकरी सोडून गेलेल्याचा लॉगिन कोणी बंद केला? ऑडिटर येऊन हेच विचारतात, आणि उत्तर सीएला नाही, आयटी डिपार्टमेंटलाच द्यावं लागतं. याला क्लार्कचं काम म्हणणाऱ्याने एकदा करून बघावं.

आमच्या डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला मात्र अजून तेच 'एम्प्लॉयी' टेबल आणि त्याच क्वेऱ्या. सरांना एक विनंती आहे. अर्ध्या बॅचने हिशेबाची सिस्टिम बनवावी आणि उरलेल्या अर्ध्यांनी पत्ता लागू न देता तिच्यातली एक एन्ट्री बदलून दाखवावी. डेटा म्हणून मेसची बिलं घ्या, बदल करायला स्वयंसेवक शोधावे लागणार नाहीत.