गृहकर्जाच्या टेबलावर परतताना

बँकेत किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीत तुम्ही गृहकर्जाच्या एजंटांच्या फाइली सांभाळत होता. मध्ये काही महिने तुम्हाला दुसऱ्या विभागात पाठवलं. कुणी मंजुरी विभागात गेलं, कुणी वसुलीत, कुणी नव्या सिस्टिमच्या कामावर. आता मुदत संपली आणि तुम्ही आपल्या जागेवर परत येताय. चार गोष्टी तुमच्या कानावर घालायच्या आहेत.

तुमचं काम बाहेरून लहान दिसतं. एजंट, म्हणजे डीएसए, फाइल आणतो. तुम्ही कागद तपासता, राहिलेले मागवता, मंजुरी विभागाच्या शंका त्याच्यापर्यंत पोचवता, फाइल कुठवर आली ते सांगता. पण पलीकडे एक कुटुंब बसलेलं असतं. त्यांनी टोकन दिलेलं असतं. घरमालकाला खोली सोडायची तारीख सांगितलेली असते. तुम्ही फोनवर "होऊन जाईल" म्हणालात की ते पुढचे पैसे भरतात. कर्ज झालं नाही तर ते पैसे अडकतात, कधी बुडतातही.

म्हणून माझं मुख्य सांगणं हे. परत आल्यावर सुरुवातीचे काही दिवस कुणालाही तोंडी होकार देऊ नका. "बघून सांगतो" म्हणा, बघा, आणि त्याच दिवशी सांगा.

आधी मात्र तुमचं स्वतःचं नीट करून घ्या.

परतीची तारीख, पद आणि पगार लेखी मागा. साहेब तोंडी म्हणाले यावर थांबू नका, साधा मेल असला तरी चालेल. बाहेर होता त्या महिन्यांचा इन्सेंटिव्ह कसा धरणार, तेही त्यातच विचारा. तिकडच्या वरिष्ठांकडून कामाबद्दल चार ओळी आत्ताच लिहून घ्या. वर्षअखेरीच्या मूल्यमापनापर्यंत ते बदलून गेलेले असतात आणि तुमचे ते महिने कोऱ्या कागदासारखे दिसतात.

ग्रुपमधल्याच दुसऱ्या कंपनीकडून पगार झाला असेल तर तो आकडा पगार विभागाला कळवा. नाहीतर दोन्हीकडे कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते. ती वेळ नेमकी मुलांच्या फीची असते. पीएफचं पासबुक उघडून त्या महिन्यांचे पैसे जमा झालेत का पाहा. दुसऱ्या शहरात राहिला असाल तर घरभाड्याच्या पावत्या जपून ठेवा.

घरच्यांना आधीच सांगा की परत यायचं ठरलेलंच होतं. "परत तिथेच का?" असं कुणी नातेवाईक विचारणारच. पगार आणि पद तेच असेल तर यात कमीपणा काही नाही. घरात हे माहीत असलं की तुम्हाला रोज उत्तर द्यावं लागत नाही.

दुसऱ्या विभागाच्या सिस्टिमचे तुमचे अधिकार बंद करायला लेखी सांगा. तिकडच्या ग्राहकांच्या याद्या किंवा आधार-पॅनच्या प्रती तुमच्या फोनमध्ये राहिल्या असतील तर वरिष्ठांना सांगून काढून टाका. उद्या काही बाहेर फुटलं तर पहिलं बोट तुमच्याकडे येईल.

आता टेबलाकडे वळा. तुम्ही नसताना काय काय बदललं, ते आधी वाचा.

व्याजदराचंच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० टक्के होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ झाला. समजा, कुणी वर्षाच्या सुरुवातीला हे टेबल सोडलं आणि वर्षअखेर परतलं, आणि तुमच्या कंपनीचा गृहकर्जाचा दरही मधल्या काळात तेवढाच उतरला. ३० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता ८.५० टक्क्यांनी सुमारे २६,०३५ रुपये येतो. ७.२५ टक्क्यांनी तो सुमारे २३,७१० येतो. महिन्याला तेवीसशेच्या वर फरक पडला. जुना आकडा सांगितला तर एखादं कुटुंब "आपल्याला झेपणार नाही" म्हणून परत जाईल. दर वाढत असतील तर उलटं होईल, जुना कमी हप्ता ऐकून ते न झेपणारं घर घेतील. रेपो उतरला म्हणून नव्या ग्राहकाचा दर तेवढाच उतरेल असंही धरू नका. नव्या कर्जावर बँक रेपोवर किती टक्के लावते, तेही बदलत असतं. आपल्या कंपनीचं आजचं दरपत्रक छापून समोर लावा आणि त्यावरूनच बोला.

घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज मिळतं, हे तुम्हाला पाठ असेल. तरी पुन्हा पाहा. रिझर्व्ह बँकेची मर्यादा ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के आहे. कंपनीचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो. आणि १० लाखांच्या वरच्या घरासाठी मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरत नाहीत. तो खर्च कुटुंबाच्या खिशातूनच जातो. हे त्यांना कुणी वेळेवर सांगत नाही आणि मग दागिने मोडायची वेळ येते. तुम्ही सांगा. फाइल आली त्याच दिवशी डीएसएला विचारा, "स्वतःचे पैसे किती आहेत त्यांच्याकडे? मुद्रांक शुल्क धरून सांगा."

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या गृहकर्जात कर्जदाराला मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं. सगळे खर्च धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांनी पडतं, हे त्यात असतं. ग्राहकाला कळेल अशा भाषेत ते हवं, त्याला समजावून सांगायला हवं, आणि विचार करायला किमान ३ कामाचे दिवस द्यायला हवेत. त्यात न लिहिलेला आकार त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. "आजच सही करा" असा फोन आला तर हे तीन दिवस आठवा. डीएसएने ग्राहकाकडे वेगळे रोख पैसे मागितल्याचं कानावर आलं, तर ते पोटात ठेवू नका. वरिष्ठांना लेखी कळवा.

जुन्या फाइलींसाठी तुमच्या जागी बसलेल्या सहकाऱ्यासोबत बसा. कोणती फाइल अडकली आहे आणि कुणाला काय शब्द दिला आहे, ते विचारून लिहून घ्या. पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, क्रेडिट रिपोर्ट यांच्या तारखा पाहा, कारण हे कागद शिळे होतात. त्या सहकाऱ्याने काही पद्धत बदलली असेल तर लगेच मोडू नका. तुमच्या गैरहजेरीत सगळ्यांचे फोन त्यानेच घेतलेत.

बाहेर जे शिकलात ते मात्र विसरू नका. मंजुरी विभागात असाल तर फाइल कुठे अडते हे तुम्ही आतून पाहिलंय. तीच शंका येण्याआधी तो कागद मागवून ठेवा. कुटुंबाची एक खेप वाचते, एका दिवसाचा पगार वाचतो.

वसुलीतून आला असाल तर माझ्या मते तुम्ही या टेबलावर फार मोलाचे आहात. स्वतःचा हिस्सा भरण्यासाठी गुपचूप काढलेलं वैयक्तिक कर्ज तुम्ही पाहिलंय. दोघांच्या पगारावर घेतलेलं कर्ज, आणि बाळंतपणात एक पगार थांबल्यावर चुकलेले हप्ते पाहिलेत. तेव्हा फाइल हातात आली की विचारा. दुसरं कुठलं कर्ज आहे का? एक पगार सहा महिने थांबला तर हप्ता कोण भरेल? डीएसएला हे प्रश्न आवडणार नाहीत, कारण रक्कम सुटल्यावरच त्याला कमिशन मिळतं. त्याचंही पोट त्यावर आहे, हे समजून गोडीने विचारा. पण विचारा. तो म्हणेल, "ताई, मार्चएंड आहे, एवढी जाऊ द्या." कर्ज वीस वर्षं फेडायचं असतं, मार्च दर वर्षी येतो.

एखाद्या आकड्याची खात्री नसेल तर तसं सांगायला लाजू नका. नव्या नियमांसाठी प्रशिक्षण हवं असेल तर पहिल्याच आठवड्यात मागा. महिन्यानंतर मागणं अवघड जातं, कारण तोवर सगळे तुम्हाला जुने जाणकार धरून चाललेले असतात.

कर्ज फिटलेल्यांचेही फोन तुमच्याकडे येतील. त्यांना "पुढच्या महिन्यात बघू" म्हणू नका. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत द्यायचे असतात. उशीर कंपनीचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. असा फोन आला की तारीख लिहा आणि कागद ठेवणाऱ्या विभागाला त्याच दिवशी मेल करा.

आणि महाराष्ट्रातल्या फाइलींबद्दल एक. ग्राहकाने मूळ कागद ठेवून तारण दिलं आणि त्याचा वेगळा दस्त नोंदवला नसेल, तर तारणाची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. ती जबाबदारी कर्जदाराची आहे. नव्या घराच्या गडबडीत, सामान हलवताना, हे हमखास राहून जातं. रक्कम सुटल्याचं कळवायला फोन कराल, तेव्हा सूचना दाखल झाली का ते विचारा. नसेल झाली तर शेवटची तारीख सांगा आणि समोरच्याला ती लिहून घ्यायला लावा.