कल्पित राज्यातील प्रजा काय खाते?

अद्भुतकथा लिहिण्याचा नाद सध्या आपल्या महाविद्यालयात बराच वाढला आहे, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. भित्तिपत्रकावर गेल्या वर्षभरात जितक्या कविता लागल्या, जवळजवळ तितकीच राज्ये स्थापन झाली असतील. सात पर्वतांपलीकडचा एखादा प्रदेश, तेथला शापित राजकुमार, ज्वालामुखीतून बाहेर काढलेली तलवार आणि शेवटी 'क्रमशः'. पहिल्या पावसाच्या पन्नास कवितांपेक्षा हा बदल केव्हाही स्वागतार्ह.

परंतु या साऱ्या राज्यांतून फिरून आल्यावर एक साधा प्रश्न मनात राहतो. या राज्यांतील माणसे जेवतात काय? राजवाड्यात मेजवान्या झडतात, ताटात द्राक्षे असतात, भाजलेले हरिण असते. ती द्राक्षे कोणी लावली? हरिणाच्या रानावर हक्क कोणाचा? सारा कोण भरतो, आणि दुष्काळ पडला तर सावकाराच्या दारी कोण जातो? दहा हजारांचे सैन्य निघते, पण त्यांच्या भाकऱ्या थापायला एकही बाई दिसत नाही. राजे पुष्कळ, प्रजा मात्र कुठेच नाही.

ही सवय मराठीला जुनीच आहे. रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. तिची दुनिया राजपुत्र-राजकन्यांची. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने वाचकांच्या कित्येक पिढ्यांची झोप उडवली, आणि 'चांदोबा'ने तर घराघरांत राजे आणि मांत्रिक पोचवले. या लेखकांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांना गोष्ट सांगायची होती आणि ती त्यांनी झकास सांगितली. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'त (१९७५) 'इस्किलार' आणि 'प्रवासी' या दोन दीर्घकथा आहेत. त्यांचा प्रदेश कोणत्याही नकाशावर सापडायचा नाही. भाषेच्या सामर्थ्याने जी. ए. तो आपल्याला खरा करून दाखवतात. पण त्यांचे लक्ष आहे एका माणसावर आणि त्याच्या नियतीवर. लोक आहेत ते त्या खेळाचे साक्षीदार म्हणून.

मग मराठीत एखाद्या समाजाचा सबंध इतिहास कल्पनेने उभा केलेले पुस्तक नाहीच काय? आहे. ते व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' (१९८२), आणि त्यातला समाज वानरांचा आहे! टोळीची हद्द कोठवर, कोणत्या झाडाचा पाला कोणी खायचा, जुना नायक हटला म्हणजे माद्यांचे आणि पिलांचे काय होते, हे सारे त्या छोट्या पुस्तकात आहे. माडगूळकरांनी वानरे आधी पाहिली आणि मग लिहिली. आपले राजकुमार कोणी पाहिलेले असतात?

हाच मुद्दा मला परदेशी उदाहरणांतही दिसतो. टॉल्किन हा भाषांचा प्राध्यापक. त्याने आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारे लोक. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या (१९५४-५५) शेवटी जोडलेल्या परिशिष्टांत वंशावळी आहेत, पंचांगे आहेत. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियातील आदिवासींचे अभ्यासक. गोऱ्यांनी ज्यांचा संहार केला त्या याही जमातीतील इशी नावाचा एकटा उरलेला माणूस १९११ साली रानातून बाहेर आला. पुढे १९१६ साली मरेपर्यंत तो विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. क्रोबर त्याच्याकडून त्याची भाषा आणि चालीरीती टिपून घेत असत. ले ग्विनचा जन्म १९२९ चा. तिने इशीला पाहिले नाही, पण ती वाढली ती अशा गोष्टींच्या घरात. 'ऑल्वेज कमिंग होम' (१९८५) या पुस्तकात तिने केश नावाचे एक कल्पित लोक निर्माण केले, आणि त्यांची गाणी, नातीगोती, इतकेच काय पण स्वयंपाकाच्या कृतीसुद्धा लिहिल्या. तिचे कल्पित लोक खरे वाटतात ते तिला शेजारचे लोक ठाऊक होते म्हणून.

आता आपल्या शेजाराकडे यावे. आपल्या कथांत राजाखेरीज आणखी एक मंडळी हमखास असतात. डोंगरात राहणारी 'रानटी टोळी'. ती काळी असते, अंगाला पाने गुंडाळते, तुटक बोलते, नायकाला खांबाला बांधते आणि शेवटी त्याच्या पाया पडते. मोबाईलवरच्या गेममध्ये तर जमातींचा तक्ताच असतो: बळ आठ, बुद्धी तीन, स्वभाव क्रूर. ज्यांना हा तक्ता नवा वाटतो त्यांनी १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर उघडून पाहावे. तेथे ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी असे एकेक नाव घेऊन त्या लोकांचा बांधा, रंग, पेहराव आणि स्वभाव नोंदवलेला आहे. साहेबाच्या कचेरीत तयार झालेला तो साचा सातासमुद्रापार फिरून खेळ बनून आपल्या हातात परत आला, असेच मला वाटते.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. मी ठाकर आहे, म ठाकर. आमच्यात म ठाकर आणि क ठाकर असे दोन भेद आहेत, आणि ज्याला एका टोळीचे वर्णन एका वाक्यात उरकायचे असते त्याला हा एवढा भेदसुद्धा झेपत नाही. भित्तिपत्रकावरच्या कथेतला रानटी सरदार वाचताना वर्गमित्र हसतात. मी पुढचे पान लवकर वाचून टाकतो.

खऱ्या लोकांचा इतिहास कसा असतो? तो दोन ठिकाणी असतो. एक दगडावर. आपल्या तालुक्यातल्या वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेले की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. अश्वमेध, राजसूय असे किती यज्ञ केले आणि किती गाई, घोडे, हत्ती दान दिले याची त्यात यादी आहे. घाटाच्या पायऱ्या कोणी खोदल्या आणि पाठीवरून माल कोणी चढवला, याबद्दल त्यात अक्षर नाही. आपल्या अद्भुतकथा याच दगडी लेखाच्या वंशातल्या म्हणायच्या.

दुसरा इतिहास तोंडी असतो, आणि तो अर्धा कल्पितच असतो. जव्हारच्या महादेव कोळी राजघराण्याचा मूळपुरुष जयबा मुकणे. त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी सबंध मुलूख वेढला, अशी कथा सांगतात. नेमकी हीच कथा कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीचीही आहे, आणि व्हर्जिलच्या महाकाव्यात तिचा उल्लेख येतो. कोणी कोणाकडून घेतली हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. आपली जमीन आपण बळाने नव्हे तर अकलेने मिळवली, असे सांगण्याची गरज ज्या लोकांना वाटते, त्यांच्याबद्दल ही कथा पुष्कळ सांगते. बुद्धी तीनच्या तक्त्यात ती बसत नाही.

आणि स्वयंपाकघर? पहिला पाऊस पडला की मुरबाडच्या बाजारात शेवळे येतात. शेवळे तशीच शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यांत काकडे घालावी लागतात. ही काकडे म्हणजे रानातली आंबट फळे. दोन्ही एकाच वेळी बाजारात दिसतात, आणि विकणारी बाई दोन्हींचे वाटे शेजारी शेजारी मांडून बसते. कोणत्या पिढीत कोणाचा घसा खाजला, कोणी हे फळ घालून पाहिले, याची नोंद कोठेही नाही. पण माझ्या मते हा नागनिकेच्या यादीइतकाच भक्कम इतिहास आहे. दिवाळीच्या आधी वाघबारस येते आणि वाघ्यादेवाला नैवेद्य दाखवला जातो. वाघ गेले तरी देव राहिला. कल्पित धर्म रचू पाहणाऱ्याला याहून चांगला धडा कोणता?

कोणाला बुडालेल्या राज्याची कथा हवी असेल तर शेजारी शहापूर तालुका आहे. मुंबईच्या नळाला येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा येथून जाते. तानसाचे धरण १८९२ चे. आणि स्थलांतर करणारी टोळी हवी असेल तर कातकरवाडीत दिवाळीनंतर जावे. भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली घरेच्या घरे भांडी, कोंबड्या आणि पोरांसह टेंपोत बसून वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. कातकरी हे नावच खैराच्या काथावरून पडले. खैराची लाकडे उकळून काथ काढणारे हे लोक. जंगल सरकारी झाले आणि तो धंदा गेला. ज्या धंद्यावरून नाव पडले तो धंदाच सुटलेले लोक वर्ष कसे मोजत असतील? मी त्यांची कथा लिहिली तर त्यांचे नवे वर्ष उचल हातात पडते त्या दिवशी सुरू होईल.

यावर आमच्या एका कथालेखक मित्राचे म्हणणे असे की, एवढा तपशील घातला तर गोष्ट मरते, वाचक कंटाळतो, आणि वीटभट्टीच लिहायची तर अद्भुतकथा कशाला? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. माहितीचे गाठोडे कथेच्या डोक्यावर ठेवून तिला चालवणारे लेखकही मी वाचले आहेत. शिवाय ठाकरांचे नाव बदलून, दोन चंद्र टांगून, त्यांचे जगणे उचलून नेणे ही तर चोरीच होईल. पण मी पाने मागत नाही, एखादे वाक्य मागतो. ज्वालामुखीतल्या तलवारीऐवजी पहिल्या परिच्छेदात एवढेच लिहून पाहावे: त्या वर्षी रानातली आंबट फळे उशिरा धरली, म्हणून कोंब शिजलेच नाहीत, आणि डोंगरातल्या लोकांनी राजाला सारा दिला नाही. पुढे काय झाले ते वाचायला मी भित्तिपत्रकापाशी उभा राहीन.