ट्रक निघतो, योजना गावातच राहतात

दिवाळी आटोपली की धुळे जिल्ह्याच्या साक्री आणि शिरपूर तालुक्यांतल्या पाड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. भांडी, गोधड्या, पिठामिठाची गाठोडी, कोंबड्या, पोरं आणि कोयते चढवले जातात. साक्रीकडचे ट्रक कोंडाईबारीचा घाट ओलांडून नवापूरमार्गे गुजरातेत उतरतात. बारडोली, मढी, चलथाण या साखर कारखान्यांचे फड त्यांची वाट पाहत असतात. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावकडच्या तांड्यांवरच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राचा रस्ता धरतात. पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारचं पाल हेच घर. हे काल-परवा सुरू झालेलं नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या कारखान्यांसाठी राबणाऱ्या खान्देशी मजुरांविषयी १९७८ सालीच सविस्तर लिहिलं होतं.

त्या ट्रकमध्ये अंगणवाडीचं रजिस्टर चढत नाही. आशाताईची फेरी चढत नाही. रुग्णाला योजनेची वाट दाखवणारा आरोग्यमित्र तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या खिडकीशी बसलेला असतो. सरकारने गरीब कुटुंबाभोवती गेल्या काही दशकांत जे जाळं विणलं, त्याच्या बहुतेक गाठी गावाच्या पत्त्याला बांधलेल्या आहेत. आणि कुटुंब अर्धं वर्ष त्या पत्त्यावर नसतं.

गरिबांसाठी काहीच झालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात राज्यातले फक्त आठ जिल्हे होते. त्यांत धुळे होता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, खिशातून पैसे न देता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये योजना राज्यभर गेली आणि जळगावही त्यात आलं. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२३ च्या निर्णयाने विम्याची रक्कम पाच लाखांवर नेली आणि पांढऱ्या कार्डाचीही सोय केली. ज्या घरात हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे बैलजोडी आणि दोन एकर जमीन असा हिशेब होता, त्या घराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. बापाच्या रक्तदाबाची रोजची गोळी, पोराचा सततचा खोकला, बाईच्या अंगावर जाणारं पांढरं पाणी, हा सगळा आजार रुग्णालयात दाखल होण्याच्या अलीकडचा असतो. खर्च होतो तोही अलीकडेच. तपासणी, औषधं, एसटीचं भाडं, दुखणेकऱ्याच्या सोबतीला थांबलेल्या माणसाची बुडालेली मजुरी. कारखान्याच्या हंगामाआधी मुकादमाकडून जी उचल घेतली जाते, तिच्यामागे लग्नकार्य असतं तसं दुखणंही असतं. मग उचल फेडायला तोडणीला जायचं, तोडणीत शरीर मोडायचं आणि शरीर मोडलं की पुन्हा उचल. आरोग्याची योजना आणि उत्पन्नाची योजना सरकारी दप्तरात वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. या घरात त्यांचं खातं एकच.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणीपासून उपचारापर्यंत सगळं मोफत केलं, हा फार चांगला निर्णय. केसपेपरचे पैसेही गेले. मात्र तो त्या विभागापुरताच होता. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात नव्हती. जळगावचं जिल्हा रुग्णालय २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं. चोपड्याहून किंवा यावलहून आलेल्या माणसाला सरकारी दवाखाना एवढंच माहीत असतं. तो कोणत्या विभागाचा, हे त्याने का ओळखावं? गरिबाच्या उपचाराचा नियम इमारतीच्या मालकीवरून ठरू नये.

सीमा ओलांडणाऱ्यांचं काय, या प्रश्नाला एक उत्तर आधीच तयार आहे आणि ते रेशनने दिलं आहे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी 'एक देश, एक रेशनकार्ड' या व्यवस्थेची राज्याबाहेरची चाचणी सुरू झाली ती राज्यांच्या दोन जोड्यांमध्ये. एक आंध्र प्रदेश आणि तेलंगणाची, दुसरी महाराष्ट्र आणि गुजरातची. साक्रीचं कार्ड बारडोलीच्या दुकानात चालावं, यासाठी जणू ती जोडी निवडली होती. ई-पॉस मशीनवर अंगठा लावला की माणशी पाच किलोच्या हिशेबातलं थोडं धान्य तिथे उचलता येतं, उरलेलं गावाकडे म्हातारा-म्हातारी उचलू शकतात. व्यवस्था म्हणून ही मोठीच झेप. अडतं ते छोट्या गोष्टींवर. फड आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतो, दुकान लांब असतं, पहाटे तोडणीला गेलेली जोडी अंधार पडल्यावर पालावर परतते, आणि कार्डावर धाकट्या पोराचं नाव चढलेलं नसतं. तरीही धान्याच्या बाबतीत निदान तत्त्व मान्य झालं, की हक्क माणसाबरोबर चालेल.

हेच तत्त्व उपचाराला लावायला काय हरकत आहे?

महात्मा फुले योजनेत त्याचा दाखलाही आहे. सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी सरकारने २०२३ मध्येच कर्नाटकातल्या सीमेलगतच्या चार जिल्ह्यांतली दहा रुग्णालयं योजनेत घेण्याचं ठरवलं. म्हणजे राज्याच्या हद्दीबाहेरचं रुग्णालय महाराष्ट्राच्या पैशाने उपचार देऊ शकतं, हे मान्य आहे. बेळगावकडच्या माणसासाठी जे केलं, ते सुरत आणि तापी जिल्ह्यांत सहा महिने राबणाऱ्या धुळे-नंदुरबारच्या माणसासाठी करायला नवा कायदा लागत नाही. बारडोली, व्यारा, सुरत इथली मोजकी रुग्णालयं आणि हंगामापुरता मराठी-भिली समजणारा एक आरोग्यमित्र, एवढ्यानेही सुरुवात होईल. पंतप्रधान जन आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांना गुजरातेतही उपचार मिळू शकतात. पण ते कार्ड काढायचं कधी, तर पावसाळ्यात, गावात असताना. आणि नेमका तोच काळ शेतातल्या कामाचा.

गरोदर बाईची गोष्ट यापेक्षा बिकट आहे. मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये टप्प्यांनी मिळतात, नोंदणी, तपासणी, बाळाचं लसीकरण अशा अटींवर. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, तिच्यात अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस ताजं जेवण मिळतं. या दोन्ही योजना घरी राहणाऱ्या बाईला गृहीत धरून आखलेल्या. जी सातव्या महिन्यात मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवते, तिचं ताट आणि हप्ता दोन्ही गावात अडकतात. महिला व बालविकास विभागाने नंदुरबारसह काही जिल्ह्यांत स्थलांतरितांची नोंद ठेवणारी 'एमटीएस' ही संगणकीय पद्धत सुरू केली, म्हणजे एका अंगणवाडीतली माता आणि बालक दुसऱ्या अंगणवाडीला कळावं. दिशा अगदी बरोबर आहे. मात्र राज्याची हद्द ओलांडल्यावर ही नोंद गुजरातच्या अंगणवाडीने वाचली तरच तिचा उपयोग, आणि त्यासाठी दोन राज्यांनी रेशनसारखंच एकत्र बसायला हवं.

रोख पैसा मात्र बाईबरोबर जातो. 'लाडकी बहीण'चे पंधराशे रुपये जुलै २०२४ पासून लागू झाले आणि त्या रकमेवरून बरंच राजकारण झालं. खान्देशातल्या मजूर बाईच्या बाजूने पाहिलं तर तिच्या नावावर, तिच्या खात्यात, ती असेल तिथे पोहोचणारी ही फार थोड्या मदतींपैकी एक. म्हणून तिचं मोल कमी लेखू नये. पण जी बाई फडावर आहे तिला ई-केवायसीची मुदत कोण सांगणार, हा प्रश्न इथेही उरतोच.

वर्षाच्या वेळापत्रकाकडे पाहून आखलेली योजना कशी असते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७८ पासून आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज मिळू लागलं, त्यामागे साधं निरीक्षण होतं: आषाढ-श्रावणात घरात दाणा नसतो, हाताला रोख मजुरीचं काम नसतं आणि सावकार दारात असतो. ती योजना थकबाकीत रुतली आणि २०१३ नंतर थांबली. करोनाकाळात ती अनुदान म्हणून परत आली, चार हजार रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याचा किराणा. रोजगार हमीचाही उगम असाच गरजेच्या ऋतूत आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांचा प्रयोग, १९७२ चा दुष्काळ, मग १९७७ चा कायदा. आणि पैसा उभा करण्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने ग्रामीण मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा तो करार होता.  दिवाळीनंतर पाड्याजवळच पुरेसं काम आणि वेळेवर मजुरी मिळाली, तर ट्रकमध्ये चढणाऱ्यांतले काही जण नक्की थांबतील.

जळगावच्या बाजूला चित्र वेगळं, अडचण तीच. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत कापणी आणि भरणीचं काम मे महिन्यातही थांबत नाही, आणि तेव्हा पारा सहज पंचेचाळीसच्या आसपास असतो. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीला तापमानाचं संरक्षण आहे. पारा ठरलेल्या पातळीच्या वर ठरावीक दिवस राहिला की शेतकऱ्याला भरपाई मिळते, आणि ती मिळायलाच हवी. त्याच बागेत घड वाहणाऱ्या मजुराचा उन्हाने बुडालेला दिवस कुठेच मोजला जात नाही. तो मोजणं अशक्य नाही. 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या हजारो सभासद बायकांना अशाच उष्णता विम्यातून थेट पैसे दिले. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या अखेरीस आणखी एक पाऊल टाकलं होतं: मोफत शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीच्या काळात रुग्णाला दिवसाला सव्वादोनशे रुपये, महिन्याला जास्तीत जास्त पाच हजार. शस्त्रक्रिया मोफत झाली तरी घरी चूल पेटायला हवी, हे तिथल्या सरकारने ओळखलं. पाच लाखांचं संरक्षण देणाऱ्या महाराष्ट्राला ही भर परवडणार नाही, असं मानायला कारण नाही.

ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ उभारलं. त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असं ठरलं. पण टनाचा हा हिशेब महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा. बारडोलीला तोडलेल्या उसाचा एक रुपयाही त्यात येत नाही, म्हणून तिथे जाणारा मजूर महामंडळाच्या यादीबाहेर राहता कामा नये. यादी करणं अवघडही नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. प्रत्यक्षात आजही माणसांची खरी नोंद मुकादमाच्या वहीत असते: कोणत्या पाड्यावरून किती कोयते, कुणाला किती उचल.

गावोगावी २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, तेव्हा टोळ्या निघायला काही आठवडे उरलेले असतात. त्या दिवशी साक्री, शिरपूर, चाळीसगावच्या स्थलांतराच्या गावांत आरोग्यसेविका, तलाठी आणि अंगणवाडीताई एकाच मांडवात बसाव्यात. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचं आयुष्मान कार्ड, रेशनकार्डावरची पोरांची नावं, गरोदर बायकांची यादी, रक्तदाबाच्या आणि सिकलसेलच्या रुग्णांना पुढच्या काही महिन्यांच्या गोळ्या, हे तिथेच पुरं करावं आणि ते कुटुंब कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार याची चिठ्ठी त्याच संध्याकाळी सुरत, तापी किंवा त्या त्या जिल्ह्याच्या प्रशासनाकडे पाठवावी.